उंबरठ्यावरचं बोलणं

सिल्वासात संध्याकाळी किलवणी नाक्यावरून आमलीकडे चालत निघालं, की वाटेत तऱ्हेतऱ्हेचे नमस्कार कानावर पडतात. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला 'केम छो' विचारतो. शिफ्ट सुटून आलेली बिहारची पोरं वयस्कर मुकादमाला 'परनाम चाचा' म्हणतात. खानवेलच्या गाडीची वाट बघणाऱ्या वारली बाया एकमेकींना 'आलीस?' एवढंच विचारतात आणि त्या एका शब्दात सगळी विचारपूस उरकते. वळणावरचे आमचे काका लांबूनच 'राम राम' घालतात. 2011च्या जनगणनेत या शहराची वस्ती एक लाखाच्या आत होती, पण इतक्या लोकांत केवढ्या बोली! इथलं माणूस दर दाराशी आपला नमस्कार बदलतं आणि आपण काही विशेष करतोय असं त्याच्या मनातही येत नाही.

ही पुस्तिका त्या सवयीच्या भरवशावर लिहिली आहे.

गेली काही वर्षं माझ्या घरी संध्याकाळी कोरियन भाषेचा छोटा वर्ग भरतो. बहुतेक मुली, थोडे मुलगे. टाळेबंदीत घरी बसून मालिका बघता बघता त्यांना या भाषेची गोडी लागली, आणि 2021मध्ये 'स्क्विड गेम' आल्यावर तर मुलगेही विचारपूस करायला लागले. पहिल्या दिवशी प्रत्येकाजवळ दहा-वीस शब्द तयार असतात. 'आन्न्यॉंग' असतो, 'ओप्पा' असतो, 'सारांगहे' तर हमखास असतो. उच्चारही कान देऊन उचललेले असतात. पण कोणता शब्द कुणापुढे काढायचा, हे मालिका बघून कळत नाही. नुसतं 'आन्न्यॉंग' हे मैत्रिणीला, धाकट्या भावाला, शेजारच्या पोराला म्हणायचं. वर्गात आलेल्या पाहुण्या बाईंना एका मुलीने ते हसतमुखाने म्हटलं, तेव्हा मला 'काय गं, बरी आहेस ना?' असं ऐकू आलं. मुलीच्या मनात आदर होता, वाक्यात मात्र तो उतरला नव्हता.

म्हणून या पुस्तिकेत फक्त उंबरठ्यावरचं बोलणं आहे. दारात माणूस दिसल्यापासून आपलं नाव सांगेपर्यंत, आणि उठून निघताना निरोप घेईपर्यंत. बारा पाठ. एवढ्याशा गोष्टीला अख्खी पुस्तिका कशाला, असं वाटेल. पण समोर कोण आहे हे ठरवल्याशिवाय कोरियन भाषेत साधं वाक्यसुद्धा पुरं होत नाही. मराठीत 'मी आले' म्हणताना मी बाई आहे हे क्रियापदातून कळतं, पुरुष असेल तर 'आलो' म्हणेल. कोरियन क्रियापदाला लिंग नाही, मी-तू-तो यांचा भेदही नाही. त्याच्या शेपटीला लागतो तो मान. तेच 'येणं' मैत्रिणीजवळ एका रूपात, ओळखीच्या मोठ्या माणसाजवळ दुसऱ्या रूपात आणि सभेत उभं राहून बोलताना तिसऱ्या रूपात. वाक्याचा शेवट येईपर्यंत बोलणाऱ्याने ठरवलेलं असावंच लागतं की ऐकणारा आपला कोण लागतो.

हे मी स्वतः चूक करून शिकले. पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी म्हणून माझा पहिलाच आठवडा होता. कोरियाहून आलेल्या एका ज्येष्ठ साहेबांना मला विचारायचं होतं, 'तुम्ही केव्हा पोहोचलात?' माझं शिक्षण इंग्रजी पुस्तकावर झालेलं, आणि त्यात 'तुम्ही'साठी 'दांगशिन' हा शब्द दिला होता. मी तो वापरला. खोलीत एकदम शांतता पसरली. साहेब काही बोलले नाहीत, पण त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी मान खाली घातली. 'दांगशिन' नवराबायको एकमेकांना म्हणतात, गाण्यांत येतो, जाहिरातीत येतो, आणि भांडणात येतो. अनोळखी वडीलधाऱ्या माणसापुढे तो शब्द अंगावर धावून गेल्यासारखा वाटतो. मग 'तुम्ही'ला काय म्हणायचं? काहीच नाही. हुद्दा घ्यायचा आणि त्याला 'निम' जोडायचं: विभागप्रमुख असेल तर 'बुजांगनिम', शिक्षक असेल तर 'सॉन्सॅंगनिम'. आपण 'साहेब कधी आले?', 'सर जेवले का?' असं समोरच्याच माणसाला विचारतो ना, अगदी तसं. ही युक्ती माझ्या जिभेवर लहानपणापासून होती. इंग्रजीच्या वाटेने गेले म्हणून ती मला सापडली नाही. त्या रात्री मी वहीत एक रेघ ओढली आणि कोरियन शिष्टाचाराची प्रत्येक गोष्ट आधी मराठीत शोधायला लागले. ही पुस्तिका त्या वहीतूनच झाली आहे.

त्या वहीतलं पहिलं पान 'अहोजाहो'चं. कोरियनमध्ये आदराच्या बोलण्याला 'जोन्देन्माल' म्हणतात आणि सलगीच्या बोलण्याला 'बान्माल'. पुस्तकं या दोन शब्दांवर पानंच्या पानं खर्च करतात. मराठी मुलांना मी सांगते, एक अहोजाहो आणि दुसरं अरेतुरे, आणि एका मिनिटात डोळ्यांत समज दिसते. पुढचा बारकावाही त्यांना फोड करून सांगावा लागत नाही. ओळख वाढली की मोठ्या माणसाने स्वतःहून म्हणायचं असतं, 'आता अहोजाहो पुरे.' धाकट्याने स्वतःच्या मनाने अरेतुरेवर यायचं नसतं. कोरियन लोक याला 'बोलणं खाली ठेवणं' म्हणतात. हातातलं जड भांडं जमिनीवर ठेवावं, तसं.

वय विचारण्याचंही असंच. पहिल्याच भेटीत कोरियन माणूस जन्मसाल विचारतो, कॉलेजातल्यांना प्रवेशाचं वर्ष विचारतो, त्याला 'हाक्पॉन' म्हणतात. यात खासगी आयुष्यात डोकावण्याचा भाव नसतो. कुणी कुणाला अहोजाहो करायचं, हे त्याला ठरवायचं असतं. आपल्याकडे 'मूळ गाव कुठलं?' आणि 'दहावी कोणत्या साली?' हे प्रश्न याच पोटातून येतात. ताई म्हणायचं की मावशी, हे त्याशिवाय कळत नाही. पूर्वी कोरियात मूल जन्मताच एक वर्षाचं धरत आणि नव्या वर्षाला सगळ्यांचं वय एकदम एकाने वाढत असे. जून 2023पासून सरकारी कामात जगभराची रीत आली आहे. पण बोलण्यातली जुनी मोजणी अजून गेलेली नाही. कुणी दोन वयं सांगितली तर गोंधळू नये. आणि वडीलधाऱ्यांना वय विचारायचं झालं तर 'नाइ' हा साधा शब्द चालत नाही, 'यॉन्से' म्हणावं लागतं. नावाचंही तसंच. मुलाचं नाव 'इरुम', मोठ्यांचं 'सॉन्गहाम'. आपण पोराला 'नाव काय रे तुझं?' म्हणतो आणि पाहुण्याला 'आपलं शुभनाव?' विचारतो, तोच हा फरक.

आता ओळख करून देण्याची प्रत्यक्ष वाक्यं. ती पुढे पाठांत येतीलच, इथे त्यांची वीण तेवढी दाखवते.

'छॉउम ब्वेप्केस्सुम्निदा.' इंग्रजी पुस्तकं याचा अर्थ 'तुम्हाला भेटून आनंद झाला' अशा धर्तीवर देतात, आणि विद्यार्थी तो घोकतात. 'छॉउम' म्हणजे पहिल्यांदा. पुढचं क्रियापद 'बघणं' याचं नम्र रूप आहे, धाकट्याने थोरल्याला भेटण्याचं. मराठीत त्याला 'दर्शन' हा शब्द आहे. पहिल्यांदाच आपलं दर्शन घडतंय, असं ते वाक्य आहे.

'जॉनुन' म्हणजे 'मी'. कोरियनमध्ये 'मी'सुद्धा दोन. मित्रांत 'ना', मोठ्यांपुढे 'जॉ'. बोलताना आपण हा भेद करत नाही. पण जुन्या पत्रांत लिहिणारा स्वतःला 'सेवक' म्हणवत असे, तो भाव इथे एका अक्षरात येतो. त्यापुढे नाव आणि 'इम्निदा', म्हणजे 'आहे'. स्वतःच्या नावाला 'निम' किंवा 'शी' असा मानाचा शब्द कधीही लावायचा नाही. 'मी अमुकराव' असं आपल्यात तरी कोण म्हणतं?

'इन्दोएसॉ वास्सुम्निदा.' 'इन्दो' म्हणजे भारत. 'एसॉ' हा प्रत्यय म्हणजे आपला 'हून'. भारताहून आले. शब्दाला मागून प्रत्यय चिकटतो आणि क्रियापद शेवटी येतं, सगळं मराठीच्याच क्रमाने. सिल्वासाहून आले म्हणायचं असेल तर 'सिल्वासाएसॉ' म्हणा, पुढचं तसंच ठेवा.

'मान्नासॉ बान्गाप्सुम्निदा.' यातला 'मान्ना' म्हणजे भेट, 'सॉ' म्हणजे ऊन. भेट-ऊन आनंद झाला. मराठीतला हा 'ऊन' किती कामाचा आहे, हे मला कोरियन शिकताना समजलं.

आणि सगळ्यात शेवटी 'जाल बुथाक तुरिम्निदा.' हे वाक्य मला फार आवडतं. नव्या नोकरीत, नव्या वर्गात, नव्या शेजारात ओळख संपताना ते म्हणतात आणि किंचित वाकतात. 'बुथाक' म्हणजे विनंती, पुढचं क्रियापद 'देणं'चं नम्र रूप. इंग्रजीत याला नीट शब्दच नाही, म्हणून पुस्तकांत काहीबाही लिहिलेलं असतं. वर्गात मी मुलांना विचारलं, नवी सून सासरी पहिल्या दिवशी काय म्हणते? गावाकडचा पोरगा पहिल्यांदा कंपनीत लागला की मुकादमाला काय म्हणतो? मागच्या ओळीतून उत्तर आलं, 'सांभाळून घ्या.' त्यानंतर या वाक्याचा अर्थ मी पुन्हा कधी सांगितला नाही.

उच्चारांपाशी थोडं थांबते, कारण इथे मराठी माणसाच्या हातात एक असं हत्यार आहे की त्याची त्यालाच कल्पना नसते. 'इम्निदा' लिहिताना 'इप्निदा' लिहितात. पुढे 'न' आला की मागचा 'प' नाकातून निघतो आणि 'म' होतो. नवशिके याला अपवादांची लांब यादी समजून घाबरतात. पण आपण शाळेत व्यंजनसंधी शिकलेलो असतो. वाक् आणि मय यांचं वाङ्मय होतं, जगत् आणि नाथ यांचा जगन्नाथ होतो. कोरियनमध्ये सूप किंवा रश्श्याला 'कुक' आणि 'मुल' जोडून शब्द आहे, आणि तो म्हणताना 'कुङ्मुल' होतो. वाङ्मयासारखाच, अक्षरशः त्याच नियमाने. हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, संधीचा उपयोग आज पहिल्यांदा झाला. माझाही तो दिवस छान गेला.

अडचणीही आहेत. 'क' आणि 'ग' हे कोरियन कानाला एकच अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला ते 'क'कडे झुकतं, दोन स्वरांच्या मध्ये 'ग' होतं. 'प' आणि 'ब' यांचंही तसंच, म्हणून बंदराचं नाव जुन्या नकाशांत पुसान आणि नव्या नकाशांत बुसान. 'ख', 'थ', 'फ' आपल्याला सहज येतात, पण त्यांच्याखेरीज एक ताणलेला, घसा आवळून काढलेला 'क्क', 'त्त', 'प्प' आहे, तो मात्र ऐकून ऐकूनच येतो. या पुस्तिकेत जिथे 'सुम्निदा' लिहिलं आहे, तिथला 'उ' ओठ गोल न करता म्हणायचा. त्यासाठी आपल्याकडे अक्षर नाही.

तरीही उच्चार मी देवनागरीतच दिले आहेत, रोमनमध्ये दिलेले नाहीत. रोमन अक्षरांत 'आन्न्यॉंग हासेयो' लिहिलं की मुलं त्याचा कसाही उच्चार करतात. देवनागरी निदान 'क' आणि 'ख' वेगळे ठेवते. पण पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तेवढंच हिचं काम. आठ-दहा दिवसांत डबा सोडायचा आणि हांगुल लिपीत हात मारायचे.

ती लिपी शिकणं हे या वर्गातलं सगळ्यात मोठं सुख आहे. राजा सेजोंग याने ती 1443मध्ये तयार केली आणि 1446मध्ये लोकांसमोर ठेवली. त्याआधी कोरियन माणसाला लिहायचं म्हणजे चिनी चित्राक्षरं शिकावी लागत, आणि ती शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हती. सेजोंगने आपल्या ग्रंथाला स्वतः छोटी प्रस्तावना लिहिली. आपल्या भाषेचे ध्वनी चीनहून वेगळे, म्हणून साध्या माणसाला मनातलं सांगायचं असूनही सांगता येत नाही. त्याची मला कणव वाटते, म्हणून ही 28 अक्षरं. अशा आशयाच्या त्या मोजक्या ओळी आहेत. प्रस्तावना कशी असावी, हे मी त्या ओळींकडे बघून स्वतःला विचारत असते. आज त्यांतली 24 अक्षरं वापरात आहेत, 14 व्यंजनं आणि 10 स्वर. 'न'चं अक्षर म्हणजे दातांमागे टेकलेल्या जिभेची आकृती, 'म'चं अक्षर म्हणजे तोंडाचा चौकोन. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्गवारी पाठ केलेल्या मुलांना हे दाखवलं की ती फळ्याजवळ येऊन आपापली जीभ चाचपून बघतात.

मग प्रत्येकजण आपलं नाव लिहितो. इथे थोडं मन मोठं करावं लागतं. हांगुलमध्ये शब्दाची सुरुवात जोडाक्षराने होत नाही, मध्ये स्वर घालावा लागतो, म्हणून प्राजक्ताची 'फुराजाक्ता' होते. 'व' नाही, त्यामुळे वैभव 'बाइबाबु' होतो. 'न' आणि 'ण' एकच, 'ल' आणि 'ळ' एकच. मुली आधी हिरमुसतात. मग कागद उलटसुलट करून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच नाव वहीच्या पुठ्ठ्यावर रंगीत पेनाने गिरवलेलं दिसतं. आडनाव आधी आणि नाव नंतर ही कोरियन रीत मात्र त्यांना नवी नाही. आपल्या शाळेच्या अर्जावर आडनावच पहिलं असतं. तिकडे किम, ई आणि पाक या तीन आडनावांत देशातली सुमारे 45 टक्के माणसं येतात. त्यामुळे कार्यालयात नुसतं 'किम' म्हणून कुणीच सापडत नाही, हुद्दा जोडावाच लागतो.

अंगाने करायचा नमस्कारही शिकावा लागतो. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात, किंवा उजवा हात पुढे आणि डाव्याचा त्याला कोपराशी आधार. वर्गात हे सांगताना मी देवळातलं तीर्थ घेऊन दाखवते: उजवा तळवा, खाली डावा हात, मान किंचित झुकलेली. व्हिजिटिंग कार्ड असंच घ्यायचं, आणि घेतल्यावर लगेच खिशात न कोंबता वाचायचं. चांद्र वर्षारंभाला, 'सॉल्लाल'ला, कोरियन मुलं घरातल्या थोरांपुढे गुडघे टेकून वाकतात आणि हातात पैसे पडतात. पाडव्याला आजोबांच्या पाया पडून ओवाळणीची वाट बघणाऱ्या पोरांना त्यात काय समजावून सांगायचं!

दोन गोष्टी अशा आहेत की त्यांनी मला ही भाषा परकी वाटूच दिली नाही. एक म्हणजे जेवणाची विचारपूस. 'बाप मॉगॉस्सॉ?' म्हणजे जेवलास का? मोठ्यांना, 'शिक्सा हास्यॉस्सॉयो?' 'बाप' म्हणजे शिजवलेला भात, आणि भात म्हणजेच जेवण. आमच्याकडे दुपारी दारात आलेल्या कुणालाही पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर 'हो' असलं तरी ताट मांडायची तयारी असते. दुसरी म्हणजे निरोप. आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. आजीच्या कानावर तो शब्द पडला तर ती परत बसवून पाणी प्यायला लावायची. कोरियन मुलगी घरातून निघताना म्हणते, 'दान्यॉ ओगेस्सुम्निदा.' जाऊन येते. आतून आई म्हणते, 'दान्यॉ वा', जाऊन ये. पाहुणा निघाला तर राहणारा त्याला 'आन्न्यॉंगही गासेयो', सुखरूप जा, म्हणतो आणि जाणारा राहणाऱ्याला 'आन्न्यॉंगही ग्येसेयो', सुखात राहा. या दोन्हींत 'आन्न्यॉंग' आहे, म्हणजे क्षेम. भेटतानाही तोच शब्द, निघतानाही तोच.

उपयोग काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. तळेगावला ह्युंदाई आहे, रांजणगावला एलजी, माणगावजवळ विळे-भागाडला पॉस्को. सिल्वासाहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलांना ही नावं माहीत असतात. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव आहे. 'टोपिक' नावाची परीक्षा आहे, तिच्या सहा पायऱ्या आहेत. हे सगळं खरं. पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली कुठेही जाणार नाहीत, आणि त्या शिकतात त्याचं मोल मला तेवढंच वाटतं.

या गावाने परकी भाषा याआधीही शिकली आहे. 1783मध्ये नगर हवेली, म्हणजे सिल्वासाचा हा मुलूख, मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि 2 ऑगस्ट 1954ला सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे इथल्या घरांत आजही अभिमानाने सांगतात. माझे आजोबा लहानपणी शाळेत गुरुजींना 'बों दिया' म्हणत, कारण तसं म्हणावंच लागे. म्हातारपणीही एखाद्या सकाळी ते शब्द त्यांच्या तोंडून निसटत आणि ते क्षणभर गप्प होत. त्यांच्या पणतीच्या वयाच्या मुली आता माझ्या ओसरीवर बसून आपल्या हौसेने दुसऱ्या एका देशाचा नमस्कार गिरवतात. ते बघताना मला आजोबांची फार आठवण येते.

पुस्तिका वापरण्याविषयी थोडं. पाठ क्रमाने घ्यावेत. घरात कुणी ऐकणारं असेल तर त्याला समोर बसवावं: आज आजी व्हायला सांगावं, उद्या मैत्रीण, परवा साहेब. समोरचं माणूस बदललं की वाक्याचा शेवट बदलला का, एवढंच तपासावं. चुकलं तर थांबून पुन्हा म्हणावं. आणि पहिला पाठ खुर्चीत बसून वाचू नये. उभं राहावं, हात अंगालगत सोडावेत, दारातून कुणीतरी वडीलधारं आत येतंय असं मनात आणावं, मान वाकवावी आणि मग पान उलटावं.